नजर आणि नजरचूक : शस्त्रक्रियेच्या शिक्षणातील एक अभ्यास



जमाखर्चाचा ताळेबंद आणि विभागवार कामाचा आढावा यांच्या जोडीला वार्षिक अहवालात एखाद्या वैद्यकीय विषयावर अभ्यास-लेख देण्याचा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. आजवर असे लेख बहुधा आपल्या डॉक्टरांनी लिहिले. यंदा ही जबाबदारी प्रशासनाकडे आली, कारण या विषयाची सुरुवात शस्त्रक्रियागृहात न होता आमच्या कार्यालयातील टेबलापाशी झाली.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर एका वृद्ध शेतकऱ्याला घरी सोडण्याचा दिवस होता. त्यांचे चिरंजीव देयकाची पावती घेण्यास आले. पावतीची घडी खिशात ठेवीत त्यांनी विचारले, "साहेब, आम्ही दोन तास दाराबाहेर बसलो होतो. आत डॉक्टरांचं सगळं लक्ष आमच्या बाबांकडंच होतं, हे आम्ही कशावरून समजावं?" प्रश्नात तक्रार नव्हती, आरोपही नव्हता. तरीही आम्ही निरुत्तर झालो. त्या शस्त्रक्रियेत काय घडले होते ते आम्हांस ठाऊक होते आणि त्यांना अद्याप सांगितलेले नव्हते.

पोट शिवून बंद करण्यापूर्वी परिचारिकेने गॉजचे तुकडे मोजले, तेव्हा एक तुकडा कमी भरला. पुन्हा मोजले, पुन्हा एक कमी. त्या परिचारिकेच्या नोकरीला वर्षही झाले नव्हते आणि समोरचे शल्यचिकित्सक तिच्या वडिलांच्या वयाचे होते. तरी तिने "सर, एक कमी आहे, थांबा" असे स्पष्ट सांगितले आणि डॉक्टर थांबले. शोध घेता तो तुकडा टेबलाच्या पायथ्याशी चादरीच्या घडीत सापडला. रुग्णास कोणतीही इजा झाली नाही. भूल मात्र तेवढा वेळ लांबली.

आम्ही त्या गृहस्थांना बसवून घेतले, डॉक्टरांनाही बोलावले आणि घडले ते सर्व सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मोजणारं कोणीतरी होतं. बरं झालं." नाव न देता हा प्रसंग अहवालात छापण्यास त्यांनी संमती दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

त्या दिवशीच्या नोंदवहीत कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिलेला होता : 'नजरचूक'. आम्ही वाणिज्य शाखेचे. 'नजरचुकीने राहून गेले' हे वाक्य हिशेबाच्या खुलाशांत आम्ही स्वतः कितीदा लिहिले असेल, याची गणती नाही. हा शब्द लिहिला की चौकशी संपते. परंतु त्या वेळी शस्त्रक्रियागृहात पाच माणसे होती आणि पाचही जण मन लावून काम करीत होते. मग तुकडा खाली गेला त्या क्षणी कोणाची नजर कोठे होती? हा प्रश्न जगभर शास्त्रीय पद्धतीने अभ्यासला जातो असे आपल्या शल्यचिकित्सकांनी सांगितले, आणि त्यांच्या साहाय्याने आम्ही वाचनास प्रारंभ केला. त्यातून जे समजले ते सर्वसामान्य वाचकास कळेल अशा रीतीने पुढे मांडीत आहोत.

डोळा कसा पाहतो

समोरचे सारे दृश्य आपणांस एकाच वेळी स्पष्ट दिसते, असे आपण समजतो. वस्तुस्थिती तशी नाही. डोळ्यातील पडद्याचा अगदी मध्यावरचा लहानसा भागच बारकावे टिपू शकतो. हात पुढे लांब करून अंगठ्याचे नख पाहिले, तर साधारण त्या नखाएवढ्या टापूत आपली दृष्टी पूर्ण तीक्ष्ण असते. बाकीचे दृश्य अंधुक असते. ही उणीव भरून काढण्यासाठी डोळा सेकंदाला सुमारे तीन वेळा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उडी घेतो, तेथे क्षणभर स्थिरावतो आणि पुन्हा निघतो. उडी चालू असताना मेंदू दृश्य जवळजवळ बंद ठेवतो. या तुकड्यांची गोधडी मेंदू इतक्या सफाईने शिवतो की तिचे टाके आपणांस जाणवत नाहीत.

१९ व्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमधील नेत्रवैद्य लुई एमिल जावाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचनाचा अभ्यास करताना या उड्यांची नोंद केली. पुढे रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बस यांनी केलेला प्रयोग या विषयातील मैलाचा दगड ठरला. त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये रशियन भाषेत आणि १९६७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यांनी चित्रकार इल्या रेपिन यांचे एक चित्र एकाच माणसाला पुनःपुन्हा दाखविले. बऱ्याच काळाने घरी परतलेला मनुष्य आणि त्याला पाहून चकित झालेले कुटुंब असे ते चित्र आहे. यार्बस प्रत्येक वेळी प्रश्न बदलीत. माणसांची वये विचारली की नजर चेहऱ्यांवर फिरे. कुटुंबाची आर्थिक स्थिती विचारली की ती कपड्यांकडे व घरातील सामानाकडे वळे. तात्पर्य, नजर कोठे जाईल हे समोरच्या दृश्यापेक्षा मनातल्या प्रश्नावर अधिक ठरते. शस्त्रक्रियेच्या शिक्षणाशी या गोष्टीचा फार जवळचा संबंध आहे.

नजरेचा मागोवा घेणारे यंत्र

यार्बस यांच्या काळी त्यासाठी डोळ्यावर एक लहानशी टोपी चिकटवावी लागे. आता हे काम चष्म्यासारख्या हलक्या उपकरणाने होते. त्यातील लहान दिवे डोळ्यावर अवरक्त प्रकाश टाकतात. हा प्रकाश डोळ्यास दिसत नाही आणि या मात्रेत तो अपायकारकही नसतो. बुब्बुळावर त्याचा चमकता ठिपका उमटतो. सूक्ष्म कॅमेरे दर सेकंदाला अनेक छायाचित्रे घेतात, आणि बाहुलीचा मध्य व तो ठिपका यांच्यातील अंतरावरून नजर कोठे रोखलेली आहे हे संगणक काढतो. तिसरा कॅमेरा समोरचे दृश्य टिपतो. दोन्हींचा मेळ घातला की पडद्यावर एक फिरता बिंदू दिसतो : डॉक्टर या क्षणी येथे पाहत आहेत, आता तेथे, येथे इतका वेळ थांबले. या तंत्रास 'आय ट्रॅकिंग' म्हणतात.

हातांचे कौशल्य बाहेरून दिसते, नजरेचे दिसत नाही. निष्णात शल्यचिकित्सकालाही आपण कोठे पाहतो हे नेमके सांगता येत नाही, कारण ती सवय अंगवळणी पडलेली असते. जे सांगता येत नाही ते शिकविणे कठीण. या यंत्राचा मुख्य उपयोग हाच की गुरूची नजर शिष्याला दाखविता येते.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि नवशिक्याची नजर

हा अभ्यास सर्वाधिक झाला तो दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत. आपल्या देशात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी केली. पोटावर मोठा छेद न घेता लहान छिद्रांतून कॅमेरा व लांब दांड्यांची हत्यारे आत घालतात. वेदना कमी होतात आणि रुग्ण लवकर कामाला लागतो. ज्याची पेरणी वा वेचणी खोळंबलेली आहे, त्याला याचे मोल सांगावयास नको. परंतु शिकणाऱ्यासाठी ही पद्धत अवघड आहे. हात एकीकडे, डोळे पडद्याकडे; खोलीचा अंदाज देणारे दृश्य सपाट झालेले; आणि छिद्राशी टेकलेली दांडी अशी, की हात डावीकडे नेला तर आतील टोक उजवीकडे जाते.

२००४ मध्ये कॅनडातील संशोधकांनी संगणकावरील सरावयंत्रापुढे नवशिके व तज्ज्ञ दोघांनाही बसवून त्यांच्या नजरेची तुलना केली. नवशिक्यांची नजर आपल्याच हत्याराच्या टोकामागे फिरत होती. तज्ज्ञांची नजर प्रथम जेथे पोहोचायचे त्या जागी जाऊन स्थिरावे, आणि हत्यार मागाहून तेथे येई. आमच्या भागातील वाचकांस हे समजण्यासाठी यंत्राची गरज नाही. तिफण प्रथमच हाती घेणारा मुलगा बैलांच्या पायांकडे पाहतो आणि तास वाकडे जाते. जाणता शेतकरी समोरच्या बांधावरच्या झाडावर नजर ठेवतो आणि तास सरळ पडते.

ही नजर शिकविता येते का, हा पुढचा प्रश्न. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या मार्क विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा कोणताही अनुभव नसलेल्या ३० शिकाऊंचे त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटाला तज्ज्ञाची नजर कोठे असते ते दाखविले, दुसऱ्याला हत्यारांची हालचाल कशी असते ते दाखविले आणि तिसऱ्याला आपले आपण शिकू दिले. नजर शिकविलेला गट अधिक वेगाने शिकला. पुढे काम चालू असतानाच कानावर पडणारे आवाज मोजावयास सांगितले, तेव्हाही त्याच गटाचे काम सरस राहिले. खऱ्या शस्त्रक्रियागृहात यंत्रे वाजत असतात आणि कोणी ना कोणी काही विचारीत असते, म्हणून हा निष्कर्ष आम्हांस विशेष मोलाचा वाटतो.

रुग्णाच्या दृष्टीने यात काय पणाला लागलेले असते, ते एका आकड्यावरून कळेल. पित्ताशय काढताना त्याची बारीक नळी कापावयाची असते. तिच्याऐवजी यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी मुख्य नलिका कापली गेली, तर रुग्णावर गंभीर संकट ओढवते. अमेरिकेतील डॉ. लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २५२ इजांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी ९७ टक्के प्रकरणांत मूळ कारण दृष्टिभ्रम हे होते. हाताच्या कौशल्यातील दोष केवळ ३ टक्के प्रकरणांत आढळला. म्हणजे हात चुकले नव्हते. एका नळीला दुसरी समजून, पूर्ण खात्रीने, सफाईदारपणे कापले गेले होते. यावरील उपाय डॉ. स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्येच सुचविला होता : परिसर पुरता मोकळा करून पित्ताशयाकडे दोनच रचना जातात हे डोळ्यांनी निश्चित झाल्याखेरीज काहीही कापू नये. वेगळ्या शब्दांत, 'मला वाटते' आणि 'मी पाहिले' यांच्यामध्ये एक थांबा ठेवावा.

पाहिले, पण दिसले नाही

येथपर्यंत वाचून कोणासही वाटेल की असे यंत्र घेतले की प्रश्न मिटला. आम्हांसही तसेच वाटले होते. परंतु २०१३ मध्ये बोस्टन येथे ट्रॅफ्टन ड्र्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग वाचून आम्ही थांबलो. त्यांनी २४ अनुभवी क्ष-किरणतज्ज्ञांना छातीच्या सीटी स्कॅनमध्ये लहान गाठी शोधावयास सांगितले. अखेरच्या स्कॅनमध्ये त्यांनी गोरिल्लाचे एक चित्र बेमालूम बसविले होते. ते नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठे होते. २४ पैकी २० तज्ज्ञांना ते दिसले नाही. नजरेच्या मागोव्यावरून उघड झाले की, त्या २० पैकी बहुतेकांची नजर थेट त्या चित्रावर पडलेली होती.

हे तज्ज्ञ निष्काळजी नव्हते. ते गाठी शोधीत होते. मनात गाठीचा प्रश्न होता, गोरिल्लाचा नव्हता. यार्बस यांच्या चित्रापुढे बसलेल्या माणसाचीच ही कथा. डोळा वस्तूवर पोहोचला हे यंत्र सांगू शकते, मनाने तिची नोंद घेतली किंवा नाही हे सांगू शकत नाही. म्हणून 'डोळ्यांत तेल घालून पाहा' हा उपदेश कितीही कळकळीने केला तरी अपुरा आहे. एका माणसाच्या नजरेची मर्यादा दुसऱ्या माणसाच्या नजरेनेच भरून निघते.

हिशेबात हे तत्त्व जुने आहे. ज्याच्या हाती रोकड, त्याच्या हाती खतावणी देऊ नये, असे आम्हांस पहिल्या वर्षी शिकविले गेले. रोखपालावर अविश्वास असतो म्हणून हा नियम नाही. प्रामाणिक माणसालाही स्वतःची चूक दिसत नाही म्हणून तो आहे.

वऱ्हाडाशी नाते असलेले एक उदाहरण

आपल्या विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ उटी नावाचे गाव आहे. तेथील डॉ. आत्माराम गावंडे अमेरिकेत जाऊन शल्यचिकित्सक झाले. त्यांचे चिरंजीव डॉ. अतुल गावंडे हेही शल्यचिकित्सक व नामवंत लेखक आहेत. त्यांनी २०११ मध्ये एका लेखात स्वतःविषयी लिहिले आहे. आठ वर्षांच्या अनुभवानंतर आपली प्रगती थांबली असे जाणवल्यावर त्यांनी आपले जुने, निवृत्त झालेले गुरू डॉ. रॉबर्ट ऑस्टीन यांना शस्त्रक्रियागृहात येऊन केवळ निरीक्षण करण्याची विनंती केली. शस्त्रक्रिया उत्तम झाली असे गावंडे यांना वाटले. गुरूंच्या वहीत मात्र बरेच काही टिपलेले होते. त्यांतील एक टिपण असे की, दिव्याचा झोत जखमेवरून बाजूला सरकला होता, आणि सुमारे अर्धा तास गावंडे परावर्तित उजेडात काम करीत होते. ते त्यांच्या लक्षातच आले नव्हते.

जखमेवर खिळलेल्या नजरेला जखमेवरचा उजेड गेला हे दिसले नाही. कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या वृद्ध माणसाला दिसले. येथे कोणतेही यंत्र नव्हते.

डॉ. गावंडे यांच्याच पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी-सूची तयार केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णास बाहेर नेण्यापूर्वी सर्वांनी थांबून ती मोठ्याने म्हणावयाची असते. जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत तिचा प्रयोग झाला, त्यांत नवी दिल्लीचे एक होते. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले आणि गंभीर गुंतागुंतीचे ११ वरून ७ टक्क्यांवर. गॉज व हत्यारांची मोजणी हा त्या सूचीतीलच एक मुद्दा आहे. आपल्या परिचारिकेने "थांबा" म्हटले ते याच मुद्द्याच्या आधारे.

आपल्या रुग्णालयात काय केले

या अभ्यासानंतर शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, परिचारिका व प्रशासन यांची एकत्र बैठक झाली. त्या दिवशीचा क्रम आठवून पाहता असे दिसले की, तुकडा खाली गेला तेव्हा परिचारिका हत्यार देत होती, साहाय्यकाची नजर जखमेवर होती, भूलतज्ज्ञ आपल्या पडद्याकडे पाहत होते आणि कोणाचा तरी भ्रमणध्वनी वाजत होता. प्रत्येकाची नजर जेथे असावयास हवी तेथेच होती. दोष एका माणसाचा नव्हता. त्या क्षणी जमिनीकडे पाहणे हे कोणाचेच काम ठरलेले नव्हते. बैठकीत पुढील निर्णय झाले.

१. तपासणी-सूची मराठीत, मोठ्या अक्षरांत, शस्त्रक्रियागृहाच्या भिंतीवर लावली आहे. ती परिचारिका मोठ्याने वाचते आणि सर्वजण उत्तर देतात.

२. मोजणी चालू असताना कोणी बोलावयाचे नाही. भ्रमणध्वनी शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या पेटीत ठेवले जातात.

३. "थांबा" हा शब्द कोणीही, कोणत्याही पदावरून उच्चारला तरी काम थांबते. त्याबद्दल कोणासही नंतर बोल लावला जात नाही.

४. नव्या शल्यचिकित्सकांसाठी सरावाची पेटी तयार केली आहे. बंद पेटी, आत साधा कॅमेरा, बाहेर पडदा आणि लांब हत्यारे. एका वाटीतले हरभऱ्याचे दाणे दुसऱ्या वाटीत नेणे हा पहिला पाठ. वरिष्ठ शेजारी बसून "हत्याराकडे नको, वाटीकडे पाहा" असे सांगतात.

५. एका निवृत्त शल्यचिकित्सकांनी महिन्यातून एकदा येऊन, हातमोजे न घालता, केवळ पाहण्याचे मान्य केले आहे. त्यांची टिपणे शिक्षेसाठी वापरली जाणार नाहीत, असा ठराव विश्वस्त मंडळाने संमत केला आहे.

या अभ्यासाची वार्ता कळताच एका देणगीदार कुटुंबाने नजरेचा मागोवा घेणारे यंत्र भेट देण्याची तयारी दर्शविली. संशोधनाच्या दर्जाचे असे यंत्र काही लाख रुपयांना पडते. आम्ही त्यांना विनयपूर्वक सांगितले की, त्या यंत्राचे खरे स्थान जेथे विद्यार्थी पुष्कळ आहेत आणि निष्कर्षांचा अर्थ लावणारे तज्ज्ञ आहेत अशा महाविद्यालयात आहे. बुलढाण्याचे नवे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. त्यासारख्या संस्थेत पुढेमागे असा अभ्यास व्हावा, ही आमची इच्छा आहे. आपल्याकडे ते यंत्र कपाटात पडून राहिले असते. त्या कुटुंबाने उदार मनाने ती रक्कम सरावाची आणखी एक पेटी, शस्त्रक्रियागृहातील दिवे आणि परिचारिकांचे प्रशिक्षण यांकडे वळविली. विश्वस्त मंडळ त्यांचे आभारी आहे.

नातेवाइकांस विनंती

दाराबाहेर बसलेल्या आप्तांची घालमेल आम्ही रोज पाहतो. शस्त्रक्रिया चालू असताना डॉक्टरांच्या भ्रमणध्वनीवर संपर्क साधू नये. निरोपासाठी स्वागतकक्षात एक कर्मचारी नेमलेला आहे, तो वेळोवेळी आपणांस माहिती देईल. आणि शस्त्रक्रियेनंतर "सूची वाचली का? मोजणी बरोबर आली का?" असे निःसंकोच विचारावे. त्या प्रश्नाने कोणाचाही अपमान होणार नाही, अशी ग्वाही आम्ही देतो. आपला प्रश्न हीसुद्धा एक नजर आहे.

'नजरचूक' हा शब्द आमच्या नोंदवहीतून काढून टाकलेला नाही. मात्र आता त्याच्यापुढे आणखी एक रकाना आखला आहे : 'दुसरी नजर कोणाची होती?' तो रिकामा ठेवता येत नाही.



प्रशासकीय अधिकारी
(विश्वस्त मंडळाच्या वतीने)